बाबांचा भाचा

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हमखास विचारतो, कोण कोणाच्या? मामा भाच्याच्या. मामाचे केस पिकलेले असोत आणि भाच्याला स्वतःचा शेंबूड पुसता येत नसो, वाकायचं मामानंच. माझा भाऊ पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, फोनवर इंग्रजीत लोकांना झापतो, पण दिवाळीला गावी आला की आधी माझ्या लेकाच्या पायांना हात लावतो आणि मग माझ्याशी भांडायला बसतो. भाच्याला उष्टं ताट उचलू द्यायचं नसतं. भाच्यावर हात उगारायचा नसतो. उगारला तर म्हातारपणी मामाचे हात थरथरतात, असं आमच्याकडे पक्कं समजतात. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, हा मान त्या पोराचा नाहीच. घर भावाला गेलं, धानाच्या बांध्या भावाला गेल्या, बहिणीच्या वाट्याला काय उरलं? एवढंच, की तिच्या पोटचा कधी दारात उभा राहिला तर भाऊ त्याच्यापुढे वाकेल.

हे आधीच सांगून टाकते, कारण हे माहीत नसेल तर तुम्ही माझ्या बाबांना भोळसट म्हणाल. लोक म्हणालेच. तोंडावर म्हणाले, पाठीमागे म्हणाले, ठाण्यातला जमादार तर चहा पिता पिता म्हणाला. दरवेळी माझं डोकं फिरलं आणि दरवेळी मी भांडले. माझा स्वभावच तसा आहे, सासरी आणि माहेरी दोन्हीकडे माहीत आहे.

बाबांना एकच बहीण, त्यांच्यापेक्षा मोठी. बाबा तिला बाई म्हणायचे. आजी दिवसभर शेतात, त्यामुळे बाबांना कडेवर घेऊन फिरली ती बाईच. मी या आत्याला कधी पाहिलं नाही, माझ्या जन्माआधीच ती गेली होती. सौंदडकडे रेल्वेच्या लाइनीचं काहीतरी काम निघालं होतं, तिथं छत्तीसगडचा एक माणूस कामाला होता. दुसऱ्या जातीचा. एका सकाळी आत्या त्याच्याबरोबर सौंदडच्या स्टेशनातून गाडीत बसली आणि गेली. आजोबांनी पोलिसात तक्रार केली नाही की शोधायला कोणाला पाठवलं नाही. ते घरच्या सगळ्यांना घेऊन बोडीवर गेले. बोडी म्हणजे गावाखालचं लहानसं तळं, त्याचं पाणी धानाला जातं. आणि घरात मयत झालं की आमच्याकडे सगळे तिथंच आंघोळीला जातात. आजोबा काठावर उभे राहिले आणि एकेकाला पाण्यात उतरवलं. जिवंत मुलीच्या नावानं आंघोळ. बाबा तेव्हा नुकते कॉलेजात जायला लागले होते. त्यांनीही डोकं बुडवलं आणि ओल्या कपड्यांनी घरी आले. हे मला आईनं सांगितलं, आईला तिच्या सासूनं. बाबांनी या विषयावर आयुष्यात तोंड उघडलं नाही.

तोंड उघडलं नाही, पण एक गोष्ट केली. आजीनं लेकीच्या लग्नासाठी एकदाणी करून ठेवली होती, म्हणजे सोन्याच्या मण्यांची माळ, आणि चांदीचे गोट. मरताना आजीनं ते बाबांच्या हातात दिले. बाबांनी ते आईला कधी घालू दिले नाहीत, माझ्या लग्नात मला दिले नाहीत, भावाच्या शिक्षणाच्या वेळी फार ओढाताण झाली तेव्हाही मोडले नाहीत. कापडात बांधून ढोलीच्या तळाशी ठेवायचे. आमच्या घरात धान साठवायची बांबूची मोठी ढोली आहे, माणूस आत उभा राहील एवढी. दरवर्षी नवं धान भरायच्या आधी बाबा आत उतरायचे, गाठोडं सोडायचे, दागिने पुसायचे आणि पुन्हा तिथंच ठेवायचे. आई एकदा वैतागून म्हणाली, "अवो, जिच्या नावानं आंघोळ केली तिच्यासाठी सोनं कायले ठेवून राहिले?" बाबा उठून गोठ्यात गेले.

तो पहिल्यांदा आला तेव्हा धानाची रोवणी नुकतीच संपली होती. मी रविवार म्हणून माहेरी गेले होते. माझं सासर सौंदडला, स्टेशनच्या रस्त्यावर माझं ऑनलाइन कामाचं दुकान आहे. रेशनची पडताळणी, शेतकऱ्यांचे अर्ज, पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांचे दाखले, सगळं करते. दिवसभर माझं एकच पालुपद: काका, अंगठा नीट ठेवा, आजी, डोळा मोठा करा, हलू नका. ज्याच्या अंगठ्यावरच्या रेषा धान रोवून रोवून झिजल्या त्याला मशीन ओळखत नाही, मग तो माझ्यावर ओरडतो की मी मी नाही तर कोण हाय. भिंतीवर मी स्वतः मोठ्या अक्षरात लिहिलं आहे की ओटीपी कोणाला सांगू नये. म्हणजे बघा, अख्ख्या पंचक्रोशीला सावध करणारी बाई मी.

फाटकाशी तिशी-पस्तिशीचा एक माणूस उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा डबा. आत आला नाही. बाबा कुंपणाचे काटे बांधत होते, हात चिखलाचे होते. तो म्हणाला, "मामाजी?"

बाबा म्हणाले, "कोण तू?"

"मी बाईचा मुलगा. तुमच्या बाईचा."

बाई हा शब्द आमच्या घरात कित्येक वर्षांत कोणी उच्चारला नव्हता. बाहेर तो कोणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. बाबांच्या हातातला काटा खाली पडला. ते फाटकाबाहेर गेले, तसेच चिखलाच्या हातांनी वाकले आणि त्याच्या दोन्ही पायांना हात लावले. नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. शहरातला कोणी असता तर दचकून मागे सरला असता. हा सरला नाही. भाच्यानं उभं राहावं तसा शांत उभा राहिला आणि बाबांच्या पाठीवर हात ठेवला. मग बाबांच्या पायाकडे पाहून म्हणाला, "हाच तो वण ना? आई सांगते, गवत कापत होती आणि तुम्ही तिच्या मागं मागं फिरत होते. विळा टाचेला लागला. हळद भरली, आणि तुम्हाला बोलली, घरी सांगायचं नाही."

बाबांच्या डाव्या टाचेवर लांबलचक वण आहे. आम्हाला सगळ्यांना त्यांनी सांगितलं होतं की नांगराचा फाळ लागला. आजीलाही तेच सांगितलं होतं. बहिणीला मार बसू नये म्हणून केलेली ती थाप बाबांनी बायकोपुढेही मोडली नव्हती, आणि हा माणूस ती फाटकात उभा राहून सांगत होता. आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी रडले नाही, पण माझ्याही अंगावर काटा आला, कायले खोटं बोलू.

आईनं लाखोळीच्या डाळीचे वडे तळले. तो जेवला, ताट आईनं उचललं. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. त्यात वावगं काही वाटलं नाही. गोंदियाच्या बाजारात आम्हीही तसंच बोलतो, आणि हा तर भिलाईला वाढलेला. आत्या बरी आहे म्हणाला, गुडघे दुखतात, नवरा वारला. बाबा लगेच उठले. "चाल, मी येतो तुयासोबत. बहिणीले आणायले भाऊच जाते."

"आई नाही म्हणते, मामाजी. म्हणते, माझ्या पायानं गेली, माझ्या पायानंच येईन. मंडईला येईन."

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, दंडारीचा नाच असतो, नाटक असतं, आणि मुख्य म्हणजे गावच्या सगळ्या लेकी माहेरी येतात. जी मंडईला आली ती गावाची लेक. त्यामुळे आत्या दुसऱ्या कुठल्या दिवशी न येता मंडईलाच येणार, हे आम्हाला फार बरोबर वाटलं.

मी म्हटलं, "भाऊ, फोन तरी लावा ना. बोलू दे दोघांना."

"ताई, मी बोललो तिला. ती म्हणते, पहिला शब्द तोंडावर बोलीन. फोनवर रडणं मला जमत नाही."

बाबा हसले. मोठ्यानं हसले, मान मागे टाकून. "बाईच हाय," ते आईला म्हणाले. "आयकलं का? बाईच बोलून राहिली हे." त्या दिवसानंतर बाबांची चाल बदलली. शेतात जाताना गुणगुणायला लागले. आईनं मला फोन करून सांगितलं, तुया बाप येडा झाला. ती तक्रार करत नव्हती.

दुसऱ्यांदा आला तेव्हा तो माझ्या दुकानात येऊन बसला. माझा प्रिंटर कागद खात होता, तो त्यानं उघडून नीट करून दिला. गिऱ्हाईकांशी गोड बोलला, एका म्हातारीचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसून मशीनवर नीट ठेवायला लावला. बाबाही आले होते, खुर्ची ओढून भाच्याकडे बघत बसले होते. मी सहज म्हणून, खरं तर सवयीनं, म्हटलं, "भाऊ, तुमचं आधार द्या बरं. आत्याचा पत्ता तरी पाहू द्या."

त्यानं जराही वेळ न लावता खिशातून कार्ड काढलं आणि पुढे केलं. माझ्या हातात ते यायच्या आत बाबांनी त्याचा हात धरला आणि कार्डासकट त्याच्या खिशात परत घातला.

"पोरी," ते म्हणाले, "मी ज्याच्या पाया पडलो त्याले आता कागद मागू का? मागायचा व्हता तर आधी मागायचा. आता नाही."

"बाबा, मी काही शंका घेऊन नाही राहिली."

"तुयं मशीन तुया दुकानात ठेव. घरात नको आणू."

गिऱ्हाईकांसमोर बोलले म्हणून मला राग आला. मी दिवसभर तोंड फुगवून बसले. आज वाटतं, राग थोडा वाढवायला पाहिजे होता. हिसकावून घ्यायला पाहिजे होतं ते कार्ड. मी हे काम इतकी वर्षं करते की खोटं कार्ड मला बोटाला कळतं. पण तोही तिथं बसून हसत होता, आणि बाबा अनेक वर्षांनी कोणाच्या तरी बाजूनं भांडत होते. मी पुढच्या गिऱ्हाईकाला हाक मारली.

तिसऱ्यांदा आला तेव्हा धान लोंबीवर होतं. जेवायला बसला पण घास घेईना. आईनं विचारलं, काय झालं रे बाबू. तो खाली मान घालून म्हणाला, "आई येत नाही म्हणते."

बाबांचा पाण्याचा गडवा ओठापाशी थांबला. "काऊन?"

"शरम वाटते तिला. म्हणते, गेली तेव्हा गळ्यात काही नव्हतं, आताही नाही. मंडईला साऱ्या लेकी नटून येतील. मी उघड्या गळ्यानं भावाच्या दारात कशी उभी राहू?"

त्याची हुशारी सांगायची तर एवढीच: त्यानं काहीही मागितलं नाही. आजवर जेवढ्या फसवणुका मी दुकानात ऐकल्या त्यात समोरचा काही ना काही मागतो, नंबर, अंगठा, सही. यानं हातसुद्धा पुढे केला नाही. बाबा आत गेले. ढोलीत धान सरकवल्याचा आवाज येत राहिला. बाहेर आले तेव्हा केसांवर, भुवयांवर कोंडा होता आणि हातात गाठोडं. त्यांनी ते त्याच्या ओंजळीत ठेवलं आणि पुन्हा वाकून पाया पडले.

"बाईले सांग, माय ठेवून गेली व्हती. मी हात नाही लावला म्हणा."

मी दाराशी उभी होते. मी बाबांना अडवलं नाही, कारण तोवर मीही पुरती त्याच्या बाजूला गेले होते. आत्याला कोणत्या रंगाचं लुगडं घ्यावं याचा विचार माझ्या डोक्यात चालू होता. हिरवं घेतलं मी. ते अजून माझ्याकडे तसंच घडी घातलेलं आहे.

मंडईच्या दिवशी बाबांनी सकाळीच दाढी केली, धुतलेलं धोतर नेसले आणि सौंदडच्या स्टेशनवर जाऊन बसले. मी दुकान बंद ठेवलं होतं, मधून मधून त्यांना चहा नेऊन देत होते. एक गाडी गेली. दुसरी गेली. प्रत्येक गाडीतून माहेरवाशिणी उतरत होत्या, पोरंबाळं, पिशव्या, आणि बाबा उभे राहून प्रत्येक म्हाताऱ्या बाईच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना बहिणीचं तोंड तरुणपणीचंच माहीत. आता ती कशी दिसत असेल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. एकदा एका बाईपुढे ते इतका वेळ उभे राहिले की तिच्या मुलानं विचारलं, काय पाहिजे काका. भाच्याचा फोन लागत नव्हता. दुपारी मी म्हटलं, बाबा चला. ते म्हणाले, गाडी चुकली असन. गावात दंडारीचे ढोल वाजायला लागले तेव्हा मी त्यांना हाताला धरून घरी आणलं. आईनं वाढून ठेवलेलं ताट झाकलेलं होतं, ते तसंच राहिलं.

त्यानंतर मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. घरात येऊन मी सरळ म्हटलं की तो चोर होता, तुम्ही फसले, चला ठाण्यात. बाबा आले नाहीत. तक्रार मी एकटीनं केली. त्यांना सोन्याचं काहीच वाटत नव्हतं. त्यांना वेगळीच काळजी लागली होती.

"बाईले काही झालं असन," ते म्हणायचे. "नाहीतर पोरगा फोन बंद ठेवते का?"

"बाबा, तो पोरगाच नव्हता तिचा."

"मंग विळ्याचं त्याले कोणं सांगतलं?"

या एका प्रश्नावरच बाबांची आशा जिवंत राहिली. अख्खं गाव हसलं तरी ते त्या एका गोष्टीला धरून बसले. विळ्याचं फक्त दोघांना माहीत. म्हणजे ती कुठेतरी आहे. तिनं सांगितलं. येणार होती, काही अडचण आली. धान कापलं, मळलं, ढोली भरली. या वर्षी भरण्याआधी आत उतरून पुसायला काही नव्हतं. अधूनमधून ते काही निमित्त काढून सौंदडला यायचे आणि माझ्या दुकानात न येता आधी स्टेशनवर जायचे.

माघात ठाण्यातून फोन आला. कचारगडच्या यात्रेची गर्दी होती तेव्हा सालेकसा तालुक्यातल्या एका गावात तो सापडला. तिथं एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी तो विम्याचा साहेब होऊन बसला होता. गावातल्या लोकांना संशय आला आणि त्यांनी धरून ठेवला. ओळख पटवायला बाबांना बोलावलं होतं. या वेळी बाबा माझ्याआधी तयार होऊन बसले.

जमादारानं टेबलावर त्याच्या खिशातला ऐवज मांडला होता. तीन आधार कार्डं. तिन्हीवर फोटो त्याचाच, नावं तीन, बापांची नावं तीन, गावं तीन. मी एक उचललं आणि बोटं फिरवली. कडेला प्लॅस्टिक नीट चिकटलेलंही नव्हतं. हे कार्ड त्या दिवशी माझ्या हातापासून वीतभर लांब होतं. एकदाणी विकून कधीच वितळून गेली होती. चांदीचे गोट तेवढे त्याच्या पिशवीत सापडले, का विकले नाहीत कोणास ठाऊक.

तो कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता. दाढी वाढलेली, तोच शर्ट. जमादार म्हणाला, "काकाजी, दोन थापडा लावा, कोणी काही म्हणणार नाही. मन हलकं होईल." बाबांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि ते मागे धरले. मग त्याच्यासमोर जाऊन बसले.

"बाबू, बाई कोठं हाय?"

त्यानं आधी जमादाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही राहिली, मामाजी. मागच्याच्या मागच्या थंडीत गेली. छातीचा त्रास होता."

म्हणजे तो आमच्या फाटकात आला तेव्हा ती नव्हतीच. गुडघे दुखतात म्हणाला तेव्हा नव्हती, मंडईला येते म्हणाला तेव्हा नव्हती. बाबा ज्या गाड्या बघत होते त्यातल्या एकीतही ती येणार नव्हती. मी तिथंच भिंतीला टेकले. बाबा मात्र सरळ बसून होते.

त्यानं सांगितलं ते असं. तो भिलाईत तिच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहायचा. तिला मूलबाळ झालं नाही. नवरा गेल्यावर ती कामगारांचे डबे करायची. याला आपल्या घरातलं वाढायची, बेटा म्हणायची. दवाखान्यात यानंच नेलं, अग्नीही यानंच दिला. जमादार मधेच हसला, म्हणाला, याचं काही खरं मानू नका, याला आई तरी किती असतील. मलाही खरं-खोटं कळत नव्हतं. पण बाबांनी जमादाराकडे बघितलंसुद्धा नाही.

"विळ्याचं तिनं सांगतलं?"

"संध्याकाळी डबे गेले की बसायची आणि तेच बोलायची. गाव, बोडी, तुम्ही. म्हणायची, बेटा, कधी अडला तर माझ्या गावी जा. सांग, मी बाईचा मुलगा. माझा भाऊ नाव विचारणार नाही, गाव विचारणार नाही, आधी पाया पडेल. मी हसायचो. म्हणायचो, अम्मा, आजकल कौन किसके पैर पड़ता है." तो थांबला. "मी पाहायलाच आलो होतो. आणि तुम्ही पडले."

बाहेर कोणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत राहिला. मग बाबांनी इतक्या हळू आवाजात विचारलं की मला पुढे सरकावं लागलं. "आंघोळीचं मालूम व्हतं का तिले?"

"हो. गावचा कोणी तिला गाडीत भेटला होता, त्यानं सांगितलं."

"मंग?"

"हसायची त्यावर. म्हणायची, बाकी सारे बुडले असतील, पण माझा भाऊ नाही. तो पाय भिजवून काठावर आला असेल. डोकं नसेल बुडवलं त्यानं. मी ओळखते ना त्याला."

मी बाबांकडे बघू शकले नाही. तो माणूस पुढे बोलत होता, माफी वगैरे मागत होता, हिंदीत. खोटं बोलून बोलून ज्याचं तोंड निर्ढावलं, त्याच्या तोंडून ही एक गोष्ट नेमकी खरी निघावी, आणि ती ही असावी. मला तर वाटलं, अरे, इथंही एक थाप मार. सांग की ती शिव्या द्यायची. ते बरं झालं असतं.

जमादारानं जबाब लिहून आणला. सदर इसम माझा भाचा नाही, त्यानं खोटी ओळख सांगून दागिने नेले, असं त्यात होतं. बाबांनी ते सावकाश वाचलं आणि सही केली. सही करताना त्यांचा हात थरथरत होता. गोट जमा राहतील, नंतर मिळतील, असं सांगण्यात आलं. आम्ही बसनं परत निघालो. वाटेत बाबा खिडकीबाहेर बघत होते आणि मी बोलत होते, कारण गप्प बसणं मला येत नाही. काय बोलले ते आठवत नाही.

घरी आईला सांगितलं. ती ओसरीवर बसून थोडी रडली आणि मग उठून चुलीवर पाणी ठेवायला गेली, कारण मयताची बातमी कळली की आंघोळ करावीच लागते. बाबा म्हणाले, "पाणी नको तापवू. मी बोडीवर जातो."

आई म्हणाली, थंडी हाय, पाणी बरफ झालं असन. ते ऐकायला थांबले नाहीत. मी टॉवेल घेऊन मागे गेले, माझ्यामागे आई. दिवस मावळत होता. माघात बोडीचं पाणी आत ओसरलेलं असतं, काठाला चिखल असतो. बाबांनी चपला काढल्या, धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचलं आणि पाण्यात उतरले. टाच बुडेल एवढेच गेले आणि उभे राहिले. आम्ही वाट बघत राहिलो. समोरच्या शेताच्या धुऱ्यावरून कोणीतरी गुरं घेऊन गेलं, त्यानं हाक मारली, बाबांनी ओ दिली नाही.

"अवो," आई काठावरून म्हणाली, "डोक्यावरून घ्या नं. सुतक हाय. बाई खरंच गेली आता."

बाबा वळले आणि बाहेर आले. केस कोरडे होते. मी टॉवेल पुढे केला तो त्यांनी घेतला, काठावर बसले आणि पाय पुसायला लागले, आधी उजवा, मग वणाचा डावा.

"पायच भिजवायचे व्हते," ते म्हणाले. "तेव्हाबी पायच भिजवायचे व्हते."